पाठीला नाव नव्हतं

आमच्या घरात शरीराच्या एकाही भागाला शाळेच्या पुस्तकातलं नाव नव्हतं. तोंडाला कुणी तोंड म्हणायचं नाही. ते थोबाड, आणि माय फारच चिडली तर थुतरी. गळा म्हणजे नरडं, डोकं म्हणजे टाळकं, पाय म्हणजे तंगड्या, दंड म्हणजे बकोट, आणि बसायच्या भागाचा उच्चार तर सकाळपासून इतक्या वेळा व्हायचा की पाहुण्यांसमोरसुद्धा तो निसटायचा. "तंगड्या आवर, ताट मांडू दे," हे मायचं जेवायचं आमंत्रण. "टाळकं इकडे कर," म्हणजे ये, तेल घालून देते. यात राग किती आणि माया किती हे आम्हाला आवाजावरून कळायचं. परवा माझी नात मला म्हणाली, "आजी, असं बोलू नये, त्याला बॉडी शेमिंग म्हणतात." मी म्हटलं, "बाई गं, आधी त्या झिपऱ्या विंचर, मग मला शिकव." ती हसली आणि विंचरायला बसली. तिला मी काय सांगणार, की त्या घरात ज्याला शब्द मिळत होता तो सुखी होता, आणि जिला मिळत नव्हता ती मी होते.

माझे वडील, आबा, भडगावात बायकांचे कपडे शिवायचे. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. सकाळी दूधवाला यायच्या आधी मशीन सुरू व्हायचं आणि ते दिवसभर खडखडत राहायचं; ते थांबलं की शेजारपाजारचे विचारायचे, आबा आजारी आहेत का. कोळशाच्या इस्त्रीचा वास, ओल्या फडक्यातून निघणारी वाफ, आणि आतून मायच्या चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास, हे तिन्ही एकमेकांत असे मिसळलेले असायचे की आजही मला भाकरीबरोबर गरम कापडाची आठवण येते. जेवायला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. आबा जेवताना एक हात मांडीवर पुसत राहायचे, कपड्याला डाग लागायला नको म्हणून.

पुरुष शिंपी आणि बायकांची मापं, तरी आसपासच्या खेड्यांतल्या आया आपल्या लेकी आमच्याकडे निर्धास्त आणायच्या, कारण आबा बाईच्या अंगाला टेप लावायचेच नाहीत. ते काम माझ्या आत्याचं. तिला सगळे अक्का म्हणायचे; तरुणपणीच नवरा गेला आणि ती भावाकडे आली, काजे-बटणं करायची, दात सगळे पडलेले. अक्का टेप धरून आकडे बोलायची, आबा मशीनवर बसल्या बसल्या ते वहीत लिहायचे, मग मान वर करून त्या बाईकडे फक्त एकदा बघायचे आणि आकड्यांपुढे एक शब्द लिहायचे. त्या एका शब्दात कारागिरी होती. आबा म्हणायचे, चौतीसच्या दहा बायका आल्या तरी दहा जणींना एक ब्लाउज होत नाही, आकडा अर्धंच सांगतो. म्हणून रुंद पाठीच्या बाईपुढे 'सूप', उतरत्या खांद्यांच्या बाईपुढे 'घसरण', लांब मानेच्या बाईपुढे 'बगळा', वरपासून खालपर्यंत एकसारख्या जाड बाईपुढे 'वरवंटा', आणि हाडं वर आलेल्या बाईपुढे 'खुंटी'. त्या बायांना वाटायचं, कापडाचं नाहीतर गळ्याचं नाव असेल. एक बाई तर मोठ्या अभिमानाने सांगत गेली, मागच्या वेळी वरवंट्याचा शिवला होता तसाच शिवा. त्या दिवशी अक्का हसता हसता पाटावरून खाली आली.

वहीतले शब्द मग घरात यायचे आणि घरातल्यांनाही चिकटायचे. आबांची ढेरी, म्हणून माय त्यांना पाठीमागे ढेरपोट्या म्हणायची, कधीकधी तोंडावरही. माय फताडी, तिच्या पायांना चप्पल टिकायची नाही. अक्का बोळकी. मी लहान असताना काडी. "ए काडी, वाऱ्यावर जाऊ नको," असं आबा दिवसातून चार वेळा म्हणायचे, आणि मी मुद्दाम वाऱ्यावर जाऊन उभी राहायची, म्हणजे ते पाचव्यांदा म्हणतील. मला ते नाव फार आवडायचं. खोटं कशाला सांगू, शकुंतला या नावापेक्षा जास्त आवडायचं.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, मला नवीन परकर-पोलकं शिवायचं होतं. अक्काने माप घ्यायला उभी केली. मानेपासून डाव्या खांद्यापर्यंत टेप लावला, कंबरेपर्यंत सोडला, आकडा सांगितला. मग उजवीकडे लावला. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. "नीट उभी ऱ्हाय ना व," ती म्हणाली. मी म्हटलं, नीटच उभी आहे. मग तिने माझी पाठ चाचपली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, हाई जमत नही." आबा उठले. पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांनी स्वतः टेप हातात घेतला. माझा उजवा खांदा दोन बोटं खाली होता आणि डावीकडचं पाठीचं हाड बाहेर आलेलं होतं. मला त्याची काही कल्पना नव्हती. स्वतःची पाठ कुणाला दिसते? आबांनी तीनदा मोजलं. मग वहीपाशी जाऊन बसले. मला वाटलं, आता आबा मान वर करून बघतील, शब्द लिहितील, आणि अक्का पाटावरून पडेपर्यंत हसेल. आबांनी वर बघितलंच नाही. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी वही उघडून बघितली. माझ्या नावापुढे एकाच खांद्याचा आकडा होता, डाव्याचा, आणि पुढची जागा कोरी होती.

मला जळगावला एका डॉक्टरांकडे दाखवलं. ते म्हणाले, कण्याला बाक आहे, जिवाला धोका नाही, पण आता हे असंच राहील. येताना एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. माय माझ्यासाठी घेतलेली केळी सोलून सोलून मला देत होती, आणि मी सहा केळी खाल्ली, कारण नको म्हणायची हिंमत होत नव्हती. घरी आल्यावर आबांनी जुन्या गादीतला कापूस पिंजला, मलमलच्या तुकड्यात भरला, बारीक टाके घातले आणि तळहाताएवढी एक गादी करून माझ्या नव्या पोलक्याच्या उजव्या खांद्यात आतून शिवली. पोलकं घालून मी आरशासमोर उभी राहिले तर दोन्ही खांदे समान. काय हात होता माणसाचा! आजही कौतुक वाटतं, आणि त्याच वेळी रागही येतो.

त्या गादीलाही घरात नाव नव्हतं. "ते घातलं का?" एवढंच माय विचारायची. आणि त्या दिवसापासून माझ्या अंगाबद्दल घरात कुणी काही बोलेनासं झालं. काडी बंद झालं. थोबाड धू म्हणणारी माय मला "तोंड धू बाळा" म्हणायला लागली. बाळा! मी माझ्या घरात पाहुणी झाले. अक्काच्या बोळक्या तोंडाची मी मुद्दाम नक्कल करायची, आबांच्या ढेरीला ढोल म्हणायची, म्हणजे कुणी उलटून मला काही म्हणेल. कुणी म्हणायचं नाही. ते हसायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. लोकांनी टोमणे मारले म्हणून रडणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्या. माझं रडणं उलटं होतं, आणि ते सांगायचं तरी कुणाला?

खानदेशातला उन्हाळा ज्याने सोसला नाही त्याला खांद्यावरच्या कापसाचं दुःख कळणार नाही. दहा वाजता गादी भिजायची, बारा वाजता तिला वास यायचा, चार वाजेपर्यंत खाली सगळ्या घामोळ्या. उजवा हात वर केला की ती सरकायची, म्हणून मी उजवा हात वर करणंच सोडलं. शाळेत उत्तर येत असलं तरी हात नाही. आखाजीला सगळ्या पोरी निंबाला झोके बांधून उंच उंच जायच्या, माहेरवाशिणी गाणी म्हणायच्या, आणि मी खाली उभी राहून दुसऱ्यांना धक्के द्यायची, तेही डाव्या हाताने. कुणी मैत्रीण गळ्यात हात टाकायला आली की मी अंग काढून घ्यायची. पोरी म्हणायला लागल्या, शकू फार शिष्ट आहे. बरं झालं, मी म्हटलं, शिष्ट तर शिष्ट. फक्त झोपताना गादी नसायची. एक जुनं, विटलेलं, बिनगादीचं पोलकं होतं तेवढंच माझं. त्यात शिरलं की पाठ आपोआप तिच्या जागी जायची.

मी अठरा-एकोणीस वर्षांची झाले आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. पहिलंच स्थळ धुळ्याचं आलं. मुलगा एका शाळेत कारकून, घर चांगलं, मागणी फारशी नाही. मुलाच्या आईला सगळे नानी म्हणायचे, उंचपुरी बाई, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. बघायला यायच्या आधी आठ दिवस आबांनी माझी तालीम घेतली. पाया पडताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. पोहे देताना डावा हात पुढे. पदर डाव्या खांद्यावरून सैल, म्हणजे ते हाड झाकलं जातं. अक्का नानी होऊन पाटावर बसायची आणि मी तिच्या पाया पडायची, पुन्हा पुन्हा. अक्काला हसू येत होतं आणि रडूही. पाहुणे आले, पोहे झाले, नानीने मला जवळ बसवून स्वयंपाक येतो का, मांडे येतात का, सगळं विचारलं. मी खापरावर मांडा टाकते म्हटल्यावर ती खूश. मुलगा खाली मान घालून बशीतले शेंगदाणे वेचून खात होता. तो मला वाईट वाटला नाही. आठवड्यात होकार आला, सुपारी फुटली, आणि मायने गल्लीत पेढे वाटले.

मग आबांनी कामाला जोर लावला. माझ्यासाठी एक डझन ब्लाउज शिवले, प्रत्येकाच्या उजव्या खांद्यात गादी, प्रत्येक गादी इतकी सफाईची की हाताला लागू नये. मला समोर बसवून ते म्हणाले, "दर आखाजीला तू माहेरी येशील तेव्हा वर्षाचे ब्लाउज मी तयार ठेवीन. माझे हात चालतात तोवर तुला काही काळजी नाही." मी विचारलं, "आणि नंतर, आबा?" ते म्हणाले, "म्हणून तर तुला शिकवतोय." आणि खरंच त्यांनी मला गादी शिवायला शिकवलं. कापूस किती पिंजायचा, कडा कशा दाबायच्या, धुतल्यावर गोळे होऊ नयेत म्हणून मधून टाके कसे घालायचे. मी त्यांच्या शेजारी बसून दोन गाद्या शिवल्या. दुसरी त्यांच्यासारखीच जमली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. आपलं आपणच दार शिवून घ्यायचं आणि वर शाबासकी मिळवायची!

लग्नाला तीन आठवडे उरले होते. शेजारच्या सुमनचं लग्न माझ्या आधी होतं, तिच्या हळदीला गेले. अंगणात चारी बाजूंनी लुगडी धरून आडोसा केलेला, आत फक्त बाया. सुमनला पाटावर बसवलं, ब्लाउज काढायला लावला, साधं जुनं पातळ गुंडाळलं, आणि पाच सवाष्णी तिच्या गालांना, खांद्यांना, पाठीला हळद चोळायला लागल्या. तिच्या सासरच्या दोन बाया सर्वांत पुढे. "काय गुबगुबीत बकोट शे व माय!" एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, सुमनसुद्धा हसली. मी तिच्या उघड्या खांद्यांकडे बघत उभी राहिले. मला बघायला आलेली तीच नानी मला हळद लावायला येणार होती. आबांनी कापडाचा विचार केला होता, पदराचा केला होता, पोह्यांच्या बशीचा केला होता. पण हळदीच्या आडोशात पुरुष कधी जातो का? आयुष्यभर नवऱ्यामुलींचे ब्लाउज शिवलेल्या माणसाला हे माहीतच नव्हतं, की त्या दिवशी नवरीच्या अंगात ब्लाउज नसतो.

तशीच घरी आले. माय चुलीसमोर भाकरी थापत होती. मी म्हटलं, "माय, हळदीत खांदे उघडे करतस." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, आणि वर न बघता म्हणाली, "मंग मी काय आंधळी शे का?" तिला आधीपासून माहीत होतं! मी विचारलं, मग आबांना का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तुना बापनी हळद देखेल शे का कधी? त्याले कसाले घोर लावू?" तिचं सगळं ठरलेलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी मला ताप आलाय म्हणायचं, अंगावर शाल टाकायची, गालाला आणि पायांना नुसती बोटं लावून घ्यायची. "एकदा अक्षता पडी गयात का मंग कोन काय करस?" मी म्हटलं, अक्षता पडल्यावर काय मी ब्लाउज घालूनच म्हातारी होऊ? आंघोळीला दार लावून बसू? तो माणूस कधी पाठीवर हात ठेवणार नाही का? मायने पुढचा गोळा थापायला घेतला. मी म्हटलं, "मी सांगी टाकसू." तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगशी ते आठेच बसशी, जल्मभर," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. मायच्या हातून भाकरी करपलेली मी तेव्हा एकदाच पाहिली.

पुढचे चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. लोकांना वाटायचं नवरी लाजतेय. सांगितलं तर हे घर, हे मशीन, ही कोरी जागा, कायमची. नाही सांगितलं तर धुळ्याच्या एका घरात आयुष्यभर श्वास रोखून बसायचं, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आबांनी फसवलं असं म्हणत ती गल्लीभर आवाज असलेली बाई भडगावला येईल. दोन्हीकडे भिंतच. खरं सांगते, एकदा गिरणा नदीच्या काठी धुणं धुवायला गेले तेव्हा मनात नको ते येऊन गेलं. पण धुणं ओलं होतं, माय वाट बघत होती, पिळलं आणि घरी आले.

पाचव्या दिवशी नानी आली. एकटीच, धुळ्याहून एसटीने, हातात पिशवी, पिशवीत शालू. लग्नाचा शालू आणि त्यावरचा ब्लाउज नवऱ्यामुलाकडून द्यायची रीत. ब्लाउज धुळ्याच्या त्यांच्या शिंप्याकडे शिवायचा होता, म्हणून तिला माझा मापाचा ब्लाउज पाहिजे होता. आबांनी म्हणून बघितलं, "नानी, शिंप्याच्या पोरीचा ब्लाउज दुसरा शिंपी शिवतो का कुठे? कापड द्या, मी शिवतो." नानी हसली. "आबा, तुमचा हात मोठा, मान्य आहे. पण रीत ती रीत." आबा तयारीतच होते. त्यांनी खास या कामासाठी एक ब्लाउज शिवून ठेवला होता, बिनगादीचा, दोन्ही खांदे समान, कुणीच कधी अंगात न घातलेला. त्यावरून शिवून आला की नंतर गुपचूप गादी घालायची, असा बेत. ते म्हणाले, "शकू, पेटीवरचा मापाचा ब्लाउज आण."

मी आत गेले. तो पेटीवर घडी करून ठेवलेला होता. उलगडून बघितला. किती सुंदर शिवला होता! ज्या मुलीच्या अंगात तो बसेल ती मुलगी धुळ्याच्या लोकांनी पसंत केली होती, तिच्यासाठी शालू आणला होता, आणि ती मुलगी आमच्या घरात नव्हतीच. मला एकदम संताप आला. आबांचा, मायचा, नानीचा, शेंगदाणे खाणाऱ्या त्या मुलाचासुद्धा. मी अंगातला ब्लाउज काढला, झोपताना घालायचं ते विटकं पोलकं घातलं, पदर गच्च ओढून कंबरेला खोचला आणि बाहेर आले. नानीकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "नानी, माप माझ्या अंगावरच घ्या."

मशीन थांबलं. नानीने आधी बघितलं असेल, मग तिचा हात माझ्या पाठीवर आला, डावीकडच्या त्या हाडावर, तिथून उजव्या खांद्यापर्यंत. "हाई काय शे व माय?" तिने विचारलं. आवाज एकदम लहान. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काय म्हणायचं ते मला सापडेना. ज्या घरात नखापासून केसापर्यंत सगळ्याला शब्द होता, त्या घरात वाढलेल्या मला स्वतःच्या पाठीला काय म्हणतात ते येत नव्हतं. मी म्हटलं, "ते असंच आहे. लहानपणापासून." आत मायच्या हातून भांडं पडलं. आबा टेपकडे बघत होते. नानीने हात काढला नाही लगेच. मग माझा पदर सोडवून नीट केला, मला समोर वळवलं आणि म्हणाली, "तू सांगं ते बरं करं, पोरी." चहा प्यायली, पूर्ण प्यायली, शालू पिशवीत ठेवला आणि निघाली. जाताना आबांना नमस्कार केला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पोर खरी आहे, पण जमणार नाही. तिच्यावर माझा राग नाही. तेव्हा होता, खूप होता.

त्या दिवशी मायने मला मारलं, मग कुशीत घेऊन रडली. आबांनी काहीच केलं नाही. ते माझ्याशी बोलेनासे झाले. "तिला सांग, पाणी ठेव," असं अक्काला सांगायचे, मी दोन हातांवर बसलेली असताना. एक डझन ब्लाउज पेटीच्या तळाशी गेले. मी गादी घालणं सोडलं. दिवसभर माझी पाठ जशी आहे तशी त्या खोलीत हिंडत होती आणि आबांनी मशीन आणि स्टूल भिंतीकडे फिरवून घेतलं होतं. गल्लीत बातमी गेलीच. पुढे काही वर्षांनी माझं लग्न झालं, जळगावच्या माणसाशी, सगळं दाखवून, आणि संसारही झाला. पण नानी गेल्यानंतरच्या त्या दोन महिन्यांत पुढे काही असेल असं मला वाटत नव्हतं. जेवताना चार माणसांत आवाज यायचा तो फक्त भाकरी मोडल्याचा.

लगनसराई भरात आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एके दिवशी चार-पाच बाया कापडाच्या घड्या घेऊन उभ्या, अक्का तोंडात टाचण्या धरून माप घेतेय, आबांच्या कपाळावरून घाम गळतोय, समोर कुणाचा तरी महागाचा शालू ब्लाउजचं कापड काढायला पसरलेला, आणि कात्री सापडत नाही. ती माझ्याजवळ होती, मी हुकाचे दोरे कापत होते, लक्ष भलतीकडेच. आबांनी एकदा अक्काला विचारलं, टाचण्यांमुळे तिला बोलता येईना. मग ते सगळ्यांसमोर, गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "ए वाकडे! कानात बोळे घातलेस का? कात्री दे इकडे!"

अक्काच्या तोंडातल्या टाचण्या तिच्या पदरात पडल्या. माय पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. त्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आबांचा चेहरा पांढराफटक झाला, ओठ हलत होते, बोललेलं परत गिळता येतं का ते बघत असल्यासारखे. मी उठले. मला हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येणार नाही. मी जाऊन कात्री त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "घ्या. आणि एवढं ओरडू नका आबा, नरडं बसेल."

अक्काच आधी हसली, बोळकं पसरून. मग एक बाई हसली. आबांनी कात्री घेतली आणि खाली मान घालून शालूच्या काठाशी कापत राहिले. रेघ सोडली नाही. काठ पूर्ण कापून झाल्यावर त्यांनी स्टूल माझ्याकडे वळवलं आणि दोन महिन्यांनी माझ्याशी बोलले. "संध्याकाळी अक्काकडून माप घेऊन वहीत लिही," ते म्हणाले. "दोन्ही खांद्यांचं, वेगवेगळं."